कुंकू कुणाचं, युद्ध कुणाचं?

७ मे २०२५ ची सकाळ. कोनच्या आमच्या इमारतीत दूधवाल्याच्या आधी बातमी आली. रात्री एकच्या सुमारास आपल्या सैन्याने पाकिस्तानात आणि पाकव्याप्त काश्मीरमध्ये नऊ ठिकाणी हल्ले केले होते. कारवाईचं नाव, ‘ऑपरेशन सिंदूर’. त्याच दिवशी दुपारी देशभर नागरी संरक्षणाची तालीम होती आणि आपल्या रायगडात उरणचं नाव तिच्या यादीत होतं. बंदर जवळ, तेल-वायूचे प्रकल्प जवळ, तेव्हा भोंगा कुठे वाजणार, दिवे कधी घालवायचे, याचीच चर्चा जिन्यात चालली होती.

मला १९७१ आठवलं. लालबागच्या चाळीत खिडक्यांच्या काचांना काळा कागद चिकटवायला आईला मी मदत केली होती. खळ कमी पडली म्हणून भाताची पेज लावली होती. लहान होते, मजा वाटली होती. पुढे बरंच वाचलं, ऐकलं, चळवळीत आले, तेव्हा कळलं की त्याच युद्धात पूर्व पाकिस्तानातल्या हजारो बायकांवर बलात्कार झाले. स्वतंत्र बांगलादेशाच्या सरकारने त्यांना ‘बीरांगना’ असा सन्मानाचा किताब दिला. आणि झालं काय? कित्येकींना घरच्यांनी दारात उभं केलं नाही. किताबच डाग होऊन बसला. त्यांना मुक्तिसैनिक म्हणून सरकारी मान्यता मिळायला चाळीसहून जास्त वर्षं जावी लागली. बाईला मोठं नाव देणं सोपं असतं, तिला जागा देणं कठीण असतं, हे मी तिथून शिकले. म्हणून ७ मेला ते नाव ऐकलं आणि पोटात गोळा आला.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते, नाहीतर पुढचं कुणी वाचणारच नाही. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामजवळ बैसरनच्या कुरणात २६ माणसं मारली गेली. धर्म विचारून, बायकामुलांच्या डोळ्यांदेखत मारली गेली. महाराष्ट्राचे सहाजण होते : तीन डोंबिवलीचे, दोन पुण्याचे, आणि एक आपल्या पनवेलचे. त्या दिवशी इथल्या किती घरांत चूल पेटली नव्हती हे मी पाहिलंय. मारणारे सापडावेत, त्यांना शिक्षा व्हावी, त्यांना पोसणाऱ्यांना धडा मिळावा, असं मलाही वाटत होतं. आमच्या गटातही यावर दोन मतं होती. काहीजणी म्हणाल्या, हल्ला करायलाच हवा होता. काहीजणी म्हणाल्या, अण्वस्त्रं असलेल्या दोन देशांनी हा खेळ खेळू नये. मी दुसऱ्या बाजूची. पण पहिल्या बाजूच्या मैत्रिणींना मी देशभक्तीत कमी लेखत नाही, तसं त्यांनीही मला लेखू नये एवढीच अपेक्षा. माझं आजचं भांडण आहे ते नावाशी, आणि त्या नावाच्या आडून जे राजकारण झालं त्याच्याशी.

आमच्या इमारतीत काय झालं ते सांगते. कोन हे नाव लालबाग-परळच्या बायकांच्या तोंडी आलं ते गिरणी कामगारांच्या २०१६ च्या सोडतीमुळे. त्याच वाटेने आम्हीही इकडे आलो. माझ्या मजल्यावर एक मावशी राहतात. यजमान गिरणीत होते, बारा वर्षांपूर्वी गेले. युद्ध थांबल्यावर मेच्या तिसऱ्या आठवड्यात इमारतीतल्या काहीजणींनी ठरवलं, सैन्याच्या सन्मानासाठी बायकांनी लाल साड्या नेसून, एकमेकींना कुंकू लावून, तिरंगा घेऊन नाक्यापर्यंत फेरी काढायची. यात वाईट काही नाही. घरोघर बोलावणं गेलं. मावशींच्या दारावर मात्र कुणी थांबलं नाही. मी विचारलं तर उत्तर आलं, “अहो, त्यांना कशाला अवघडल्यासारखं करायचं? कुंकवाचा कार्यक्रम आहे ना!”

मावशी दारातच उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं. मला म्हणाल्या, “जाऊ दे गं. ज्या पोरींचं कुंकू पुसलं म्हणून ही मिरवणूक आहे, त्या पोरी इथे असत्या तर त्यांनाही बोलावलं नसतं.”

मैत्रिणींनो, मी चाळीस वर्षं भाषणं ऐकली, केली. या दोन वाक्यांइतकं नेमकं मला कधी बोलता आलं नाही.

नावाचा अर्थ काय, ते जरा नीट बघू. सिंदूर उत्तरेत भांगात भरतात, आपल्याकडे कुंकू कपाळाला लावतात. अर्थ एकच : हिचा नवरा जिवंत आहे. नवऱ्याला आपण ‘कुंकवाचा धनी’ म्हणतो, म्हणजे कपाळ बाईचं आणि त्यावरची मालकी दुसऱ्याची. तो गेला की कुंकू पुसायचं, बांगड्या फोडायच्या, मंगळसूत्र तोडायचं, जोडवी काढायची. आणि हे करतं कोण? दहशतवादी करत नाही. बैसरनला त्यांनी गोळ्या घातल्या, माणसं मारली. कुंकू पुसायचं काम आपल्या घरातली, आपल्या भावकीतली, आपल्याच जातीतली माणसं करतात, त्याला आपण रीत म्हणतो.

याच महाराष्ट्रात कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यात हेरवाड नावाचं गाव आहे. मे २०२२ मध्ये तिथल्या ग्रामपंचायतीने विधवांच्या या साऱ्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर गावांना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. कोविडमध्ये तरुण पोरी विधवा झाल्या होत्या, त्यांचे हाल गावाने पाहिले होते, त्यातून हा ठराव आला. कुणी युद्ध केलं नाही, तोफ उडवली नाही, एका ठरावाने बाईच्या कपाळावरची मालकी बाईला परत दिली. कुंकवाचा खरा सन्मान मला विचाराल तर तो हेरवाडला झाला. बरोबर तीन वर्षांनी, त्याच मे महिन्यात, देशाच्या लष्करी कारवाईला जे नाव दिलं त्याने उलटा धडा पक्का केला : नवरा गेला म्हणजे बाईचं सगळं गेलं आणि त्याचा सूड पुरुषांनी घेतला म्हणजे तिला सगळं मिळालं.

आणि ज्या आपल्या माणसांना सिंदूराचं इतकं महत्त्व, ती विधवेकडे कशी बघतात? नोव्हेंबर २०२२ मध्ये मंत्रालयात एका महिला पत्रकाराला संभाजी भिडे यांनी सुनावलं की आधी टिकली लाव मग बोलतो, भारतमाता विधवा नाही. म्हणजे विधवा दिसणं हा देशाचाही अपमान! हा विचार आणि मावशींचं दार ओलांडून पुढे जाणारा विचार यांत फरक कुठे आहे?

कुणी म्हणेल, बाई, तुम्ही शब्दाचा कीस काढताय. त्या बायकांना तर नाव आवडलं, टीव्हीवर त्या रडून कृतज्ञता सांगत होत्या. खरं आहे. ज्यांची माणसं गेली त्यांच्यापैकी अनेकींनी तसं सांगितलं आणि त्यांच्या दुःखात त्यांना काय वाटावं हे ठरवणारी मी कोण? पण मग ज्या वेगळं बोलल्या त्यांचंही ऐकायला हवं होतं की नाही?

लग्नाला आठवडाही न झालेली, नवऱ्याच्या मृतदेहाशेजारी सुन्न बसलेली ती मुलगी आठवते? नौदल अधिकाऱ्याची बायको. तिचं छायाचित्र देशभर फिरलं, चित्रं काढली गेली, फलक लागले. १ मेला नवऱ्याच्या वाढदिवशी ती एवढंच म्हणाली की मुसलमानांच्या आणि काश्मिरींच्या मागे लागू नका, आम्हाला शांतता हवी, न्याय हवा. झालं! कालपर्यंत जिचं छायाचित्र देवघरात ठेवत होते तिच्या चारित्र्यावर शिंतोडे उडाले, तिचे कॉलेजातले मित्र उकरून काढले गेले. राष्ट्रीय महिला आयोगाला निषेधाचं पत्रक काढावं लागलं. सुरतच्या एका बाईने अंत्ययात्रेच्या वेळी केंद्रीय मंत्र्यांना तोंडावर विचारलं की तिथे एकही पोलीस, एकही जवान का नव्हता, तुमच्या मागेपुढे इतक्या गाड्या असतात, आमच्या जिवाला किंमत नाही का. हा प्रश्न मात्र कुठल्या मोहिमेचं नाव झाला नाही. सुरक्षेत चूक झाली अशी कबुली जम्मू-काश्मीरच्या नायब राज्यपालांनी दिली ती जुलैमध्ये.

हे नवीन नाही. काश्मीरमध्ये मारल्या गेलेल्या एका अधिकाऱ्याची मुलगी म्हणाली, माझ्या वडिलांना युद्धाने मारलं. २०१७ मध्ये तिला बलात्काराच्या धमक्या आल्या. २०१९ मध्ये पुलवामात गेलेल्या जवानाची बंगालमधली बायको म्हणाली, युद्ध नको, त्रुटी कुठे राहिली ते सांगा. तिला भित्री ठरवलं, नवऱ्यावर प्रेम नव्हतं म्हणून हिणवलं. नियम सरळ आहे : विधवेने रडावं, सूड मागावा, छायाचित्रात बसावं. प्रश्न विचारला की तिची इज्जत काढायची.

मे महिन्याच्या अखेरीस तर कहर झाला. हरियाणाचे राज्यसभा खासदार रामचंदर जांगडा म्हणाले की पहलगामच्या बायकांमध्ये वीरांगनेचा बाणा नव्हता, त्यांनी हात जोडण्याऐवजी झुंज द्यायला हवी होती. बघा, परत तोच शब्द, ‘वीरांगना’! १९७१ मध्ये तो किताब होता, २०२५ मध्ये ती शिवी झाली. बंदुका घेतलेल्यांसमोर सहलीला आलेल्या बाईने लढावं आणि सुरक्षेची जबाबदारी असणाऱ्यांनी मात्र तिच्या कुंकवाच्या नावाने जाहीर सभा घ्यावी?

आता त्या दोन अधिकारी स्त्रियांविषयी. कर्नल सोफिया कुरेशी आणि विंग कमांडर व्योमिका सिंग रोज कारवाईची माहिती देत होत्या. मलाही अभिमान वाटला. कर्नल कुरेशींनी २०१६ मध्ये आपल्या पुण्यात झालेल्या अनेक देशांच्या संयुक्त सरावात भारतीय तुकडीचं नेतृत्व केलं होतं, असं करणारी ती पहिली स्त्री अधिकारी. पण अभिमान वाटताना पुढचंही लक्षात ठेवू या. लष्करात स्त्रियांना कायम कमिशन द्यावं म्हणून त्या वर्षानुवर्षं कोर्टात भांडल्या, तेव्हा सरकारचं म्हणणं होतं की खेड्यातून आलेले जवान बाईचा हुकूम मानायला मनाने तयार नाहीत. फेब्रुवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे झिडकारलं आणि निकालात कर्नल कुरेशींच्या कामाचा दाखला दिला. त्यानंतरही भांडण संपलं नाही. ऐन कारवाईच्या दिवसांत, ९ मे २०२५ रोजी, न्यायालयाला पुन्हा सांगावं लागलं की कोर्टात आलेल्या स्त्री अधिकाऱ्यांना तूर्त नोकरीतून मोकळं करू नका. म्हणजे पडद्यावर बाई हवी, पदावर नको.

आणि पडद्यावर तरी तिला सोडलं का? मध्य प्रदेशचे मंत्री विजय शाह यांनी जाहीर सभेत कर्नल कुरेशींना दहशतवाद्यांची बहीण ठरवलं. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन गुन्हा नोंदवायला लावला. परराष्ट्र सचिव विक्रम मिस्री यांनी १० मेला शस्त्रसंधी झाल्याचं सांगितलं, तर राग कुणावर निघाला? त्यांच्या मुलीवर. युद्ध बापाने थांबवलं म्हणून घाण लेकीवर! तेही त्यांनी थांबवलं नव्हतं, ते फक्त निरोप सांगणारे होते. शस्त्रसंधीची घोषणा तर सगळ्यात आधी अमेरिकेच्या अध्यक्षांनी केली. त्यांना जाब विचारायची कुणाची हिंमत झाली नाही. पुरुषाला दुखवायचं तर त्याच्या घरातली बाई गाठायची, हे टोळीयुद्धाचं तंत्र आहे आणि ते आपल्याकडच्या देशभक्तांनी वापरलं.

राजकारणाचं म्हणाल तर कुंकू सगळ्यांनीच वापरलं. ७ मेलाच एका बड्या उद्योगसमूहाच्या कंपनीने या नावाचा व्यापारी हक्क मिळवायला अर्ज केला, बोंब झाल्यावर तो मागे घेतला. चित्रपटवाल्यांनी लढाई चालू असतानाच पोस्टर काढलं, त्यात जवान बाई भांगात सिंदूर भरते आहे. त्यांनाही माफी मागावी लागली. पंतप्रधानांनी बिकानेरच्या सभेत सांगितलं की त्यांच्या नसांत रक्ताऐवजी गरम सिंदूर वाहतो. आणि सप्टेंबरमध्ये दुबईत भारत-पाकिस्तान क्रिकेट सामना ठरला, तेव्हा विरोध करायला उद्धव ठाकरे यांच्या शिवसेनेने काय निवडलं? तेच कुंकू. महिला आघाडीने घराघरांतून सिंदूर गोळा करून पंतप्रधानांना पाठवायचा. सामन्याला विरोध करण्याचा त्यांना हक्क होता आणि सरकारचा दुटप्पीपणा दाखवणंही बरोबरच होतं. पण एकाने कुंकवाचं निशाण केलं म्हणून दुसऱ्याने कुंकवाचीच पुडी करावी? बाईच्या कपाळापलीकडे आपल्या पुढाऱ्यांना बाईचं काही दिसतच नाही का? तिचं मत, तिचा प्रश्न, तिची नोकरी, तिचं घर?

‘आपण बायका स्वभावाने शांतताप्रिय’ हा भाबडेपणाही मी करणार नाही. तो भ्रम १९९२-९३ च्या दंगलीत मुंबईत गळून पडला. आपल्याच वस्तीतल्या बायकांना तेव्हा चेव चढलेला पाहिला. म्हणून मी बायकांना शांतीदूत व्हा म्हणत नाही. एवढंच म्हणते की आपल्या नावाने काय चाललंय ते डोळे उघडून बघा.

काय चाललं होतं? पहलगामनंतर तीनच दिवसांनी कोकणात दापोलीला राज्याचे मंत्री नितेश राणे लोकांना सांगत होते की दुकानदाराचा धर्म विचारा, हनुमान चालीसा म्हणायला लावा आणि मग खरेदी करा. धर्म विचारणाऱ्यांचा निषेध करायला धर्मच विचारायचा! बैसरनला पर्यटकांना वाचवताना जो घोडेवाला मारला गेला तो मुसलमान होता, हे त्यांना कुणी सांगितलं नसेल काय? पूंछमध्ये पाकिस्तानी तोफगोळ्यांनी डझनाहून जास्त आपली माणसं मारली. त्यात शीख, मुसलमान, हिंदू सारे होते, लहान मुलं होती. गुरुद्वाऱ्यावर गोळा पडला. तिथे मेलेल्या एका मदरशाच्या शिक्षकाला आपल्या वाहिन्यांनी दहशतवादी ठरवून टाकलं, पोलिसांना खुलासा करावा लागला. त्याच्याही घरी बायको असेल, तिच्या दुःखाला कुठल्या मोहिमेचं नाव मिळालं?

आणि पुण्यात? काश्मीरची एकोणीस वर्षांची मुलगी, अभियांत्रिकी शिकणारी. कारवाईवर टीका करणारा दुसऱ्या कुणाचा तरी मजकूर तिने पुढे पाठवला, दोन तासांत काढून टाकला, माफीही मागितली. तिला ९ मेला अटक झाली, कॉलेजने काढून टाकलं, येरवड्याला तुरुंगात टाकलं. २७ मेला मुंबई उच्च न्यायालयाने सरकारला चांगलं झापून तिला सोडवलं, परीक्षेला बसू दिलं. दुसरीकडे कर्नल कुरेशींवर भर सभेत बोलणारा मंत्री एक रात्रही आत गेला नाही. मजकूर मागे घेणारी पोरगी तुरुंगात आणि हसत हसत बोलणारा मंत्री बाहेर, याला कायद्याचं राज्य म्हणायचं?

युद्धानंतर विधवेच्या वाट्याला काय येतं, तेही आपल्याला माहीत आहे. कारगिलनंतर कुलाब्याला आदर्शची एकतीस मजली इमारत उभी राहिली, ती कारगिलच्या वीरांची आणि विधवांची घरं म्हणून गाजली. आत राहायला कोण गेलं ते २०१० मध्ये साऱ्या देशाने पाहिलं, मुख्यमंत्री अशोक चव्हाणांना जावं लागलं. पुढे चौकशी आयोग म्हणाला की जागा कारगिलवाल्यांसाठी राखीव नव्हतीच. म्हणजे विधवांचं तिथे फक्त नाव होतं! दुसरं उदाहरण घ्या. शौर्यपदक मिळालेल्या जवानाच्या विधवेला जो मासिक भत्ता मिळतो, तो तिने पुन्हा लग्न केलं तर बंद होई. अपवाद एकच, दिराशी लग्न केलं तर! बाई घरातच राहिली पाहिजे आणि पैसाही. ही अट सरकारने काढली ती नोव्हेंबर २०१७ मध्ये. कारगिलला तोवर अठरा वर्षं झाली होती.

मग आपण मागायचं काय? लष्करी कारवाईला बाईच्या सौभाग्याचं नाव देऊ नका. मारल्या गेलेल्यांच्या बायकांना बोलवायचं तर प्रश्न विचारायला बोलवा, मंचावर बसवायला नको. ज्या वेगळं बोलतात त्यांच्यावर चिखलफेक करणाऱ्यांवर तितक्याच तत्परतेने गुन्हे नोंदवा, जितक्या तत्परतेने पुण्याच्या पोरीवर नोंदवला. आणि कुंकवाचा इतका कळवळा असेल तर २०२२ चं हेरवाडचं परिपत्रक काढा, धूळ झटका, गावोगाव ठराव करून घ्या.

आणि काही आपणही करायचं. सरकारची वाट कशाला? या जानेवारीत आमच्या मजल्यावर हळदीकुंकू झालं. पहिलं बोलावणं मावशींना दिलं. त्या आधी नको नको म्हणाल्या, मग आल्या. एका सवाष्णीने हात मागे घेतला, दुसरीने पुढे केला. कुंकू लावायचं की नाही ते मावशींनी स्वतः ठरवलं. त्यांनी नाही लावलं. “मला आता त्याची सवय नाही,” म्हणाल्या, पण वाण घेतलं, आणि स्वतः उठून साऱ्याजणींना तिळगूळ वाटला.

तुमच्या इमारतीत, तुमच्या गावात मे महिन्यात काय झालं? कुणाचं दार ओलांडून मिरवणूक पुढे गेली? लिहून पाठवा. माझ्याशी भांडायचं असेल तर तेही लिहा.